पाच, नऊ, शून्य, दोन: उसनवारीवर पाठवलेल्या हॅरी केनचं प्रकरण

माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. कव्हर सुटलंय, कडेला चहाचा डाग पडलाय. टॉटेनहॅम हॉट्स्पर या लंडनच्या फुटबॉल क्लबाची लोनवर बाहेर गेलेली पोरं, एवढा एकच विषय तिच्यात 2009 पासून चाललाय. नाव, वय, क्लब, विभाग, सामने, गोल आणि सगळ्यात शेवटी शेरा. कोल्हापुरात बसून येओव्हिल टाऊनचा निकाल शोधणाऱ्या माणसाला घरचे काय म्हणतात, ते विचारू नका.

2012-13 च्या पानावरची एक ओळ मी आडवी रेघ मारून खोडलेली आहे. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंय: "बस्स. चॅम्पियनशिपच्या वर जाणार नाही." चॅम्पियनशिप म्हणजे इंग्लंडमधला दुसऱ्या क्रमांकाचा विभाग. ओळ हॅरी केनची.

पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे शेवट लपवण्यात अर्थ नाही. टॉटेनहॅमसाठी 280 गोल, क्लबच्या इतिहासात सर्वाधिक. इंग्लंडसाठीही सर्वाधिक. मला उलगडायचंय ते वेगळंच. मे 2013 मध्ये माझ्यासमोर जे आकडे होते ते खोटे नव्हते, मग मी चुकलो कुठे? आणि दुसरं, जे लोक आज म्हणतात की "लोनवर गेला म्हणून घडला", ते तरी कितपत बरोबर आहेत?

लोन हा शब्द ऐकला की आपल्याला बँक आठवते. खरं तर हे उसनवारीचं काम आहे. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसं छोटा क्लब मोठ्या क्लबाकडून पोरगं आणतो. करार मोठ्या क्लबाचाच राहतो, पगार दोघं ठरवतील तसा वाटून घेतात आणि मुदत संपली की पोरगं परत. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगच्या खाली चॅम्पियनशिप, लीग वन, लीग टू असे तीन विभाग, प्रत्येकात 24 क्लब. हंगामात 46 लीग सामने, शिवाय चषक स्पर्धा. शनिवारी सामना, मंगळवारी सामना, परत शनिवारी सामना. एवढ्या रगाड्याला छोट्या क्लबाची स्वतःची माणसं पुरत नाहीत, आणि मोठ्या क्लबाच्या तरुण पोरांना खेळायला मैदान मिळत नाही. दोघांची गरज जुळते. एका सामन्याच्या यादीत असे उसने खेळाडू पाचच चालतात.

मोठ्या क्लबाच्या राखीव संघातून खेळणं आणि लीग वनमध्ये खेळणं यातला फरक ज्यानं शाहू स्टेडियमवर पेठांचा सामना बघितलाय त्याला सांगावा लागत नाही. राखीव संघाचा सामना रिकाम्या खुर्च्यांसमोर होतो, हरलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. लीग वनमध्ये तुमच्या शेजारी खेळणारा गडी पस्तिशीचा असतो, घराचे हप्ते भरत असतो, आणि जिंकण्याचा बोनस हा त्याच्या महिन्याच्या हिशेबात धरलेला असतो. तुम्ही चेंडू घालवलात तर तो तुम्हाला मैदानावरच सुनावतो. गॅलरीतला माणूस तर तुमच्या आजोबांपर्यंत जातो.

आता ओळीतल्या पहिल्या आकड्याकडे येतो.

केनचा जन्म 28 जुलै 1993 चा, लंडनच्या वॉल्थमस्टोचा. लहानपणी आर्सेनलच्या अकादमीनं त्याला घेतलं आणि आठव्या वर्षी सोडून दिलं. टॉटेनहॅमकडे आला अकराव्या वर्षी. जानेवारी 2011 मध्ये, साडेसतरा वर्षांचा असताना, लेटन ओरिएंटला लोनवर गेला. त्याच्याबरोबर टॉम कॅरोल हा टॉटेनहॅमचाच मिडफिल्डरही गेला. वॉल्थमस्टो आणि लेटन म्हणजे पंचगंगेच्या अलीकडं-पलीकडं म्हणावं इतकं जवळ. ओरिएंटचं ब्रिस्बेन रोड मैदान मोठं मजेशीर आहे. चारही कोपऱ्यांत फ्लॅटच्या इमारती, आणि त्यांच्या बाल्कन्या थेट मैदानावर. लोक घरच्या बाल्कनीत उभे राहून कॉर्नर किक बघतात. आपल्याकडे असतं तर त्या बाल्कन्यांचं भाडं वेगळं लागलं असतं.

पहिला सामना 15 जानेवारीला रॉचडेलच्या मैदानावर, 1-1. 73 व्या मिनिटाला केन बदली म्हणून उतरला तो स्कॉट मॅकग्लीशच्या जागी. मॅकग्लीश तेव्हा सदतिशीला टेकलेला, म्हणजे आत येणाऱ्याच्या दुपटीहून मोठा. पुढच्या शनिवारी शेफील्ड वेन्सडेविरुद्ध केन पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळला. वेन्सडे म्हणजे इंग्लंडचा जुना मातब्बर क्लब, वाईट दिवस येऊन तिसऱ्या विभागात घसरलेला. ओरिएंटनं त्यांना 4-0 हरवलं, आणि डीन कॉक्सच्या फ्री किकवरून आलेल्या चेंडूवर केननं गोल केला.

तो सामना मी "बघितला" असं म्हणता येणार नाही. शनिवारी दुपारी तीनचे सामने इंग्लंडमध्येच टीव्हीवर दाखवत नाहीत, कारण लोकांनी घरी न बसता जवळच्या मैदानावर जावं हा तिथला जुना नियम. आपल्याकडे तर 2011 मध्ये लीग वन दाखवण्याचा विचारही कुणी केला नसता. हिवाळ्यात त्यांचे दुपारचे तीन म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. समोर ताट, हातात फोन, आणि फोनवर मजकुराची एकेक ओळ दम खात उतरतेय. "गोल, लेटन ओरिएंट, केन" ही ओळ आली तेव्हा भाकरी गार झाली होती, एवढं लक्षात आहे.

फेब्रुवारीत ब्रिस्टल रोव्हर्सविरुद्ध बदली म्हणून येऊन दोन गोल. हंगाम संपला तेव्हा 18 सामने, 5 गोल. ओरिएंट सातवा आला, प्ले-ऑफची, म्हणजे वरच्या विभागात जायच्या शेवटच्या जागेसाठी होणाऱ्या सामन्यांची, संधी एका गुणानं हुकली. मी शेऱ्यात लिहिलं, "बरा आहे. जड चालतो." जड चालतो हे खरंच होतं. त्या वयात तो वेगवान नव्हताच.

दुसरा आकडा जास्त वजनाचा. ऑगस्ट 2011 मध्ये युरोपा लीगमध्ये हार्ट्सविरुद्ध टॉटेनहॅमकडून त्याचा पहिला सामना झाला. स्वतः मिळवलेली पेनल्टी त्यानं स्वतःच घालवली. डिसेंबरच्या शेवटी त्याला मिलवॉलला पाठवलं, रायन मेसनबरोबर, एकाच दिवशी. वहीत दोघांच्या ओळी एकाखाली एक आहेत: 29 डिसेंबर 2011.

मिलवॉल हे नाव इंग्लंडमध्ये जपून घेतात. दक्षिण लंडनच्या गोदी कामगारांचा क्लब, आणि "आम्ही कुणाला आवडत नाही, आम्हाला त्याचं काही नाही" अशा अर्थाचं गाणं ते लोक छाती काढून म्हणतात. संघ चॅम्पियनशिपच्या तळाशी अडकला होता, विभागातून खाली घसरायची भीती होती. अशा ठिकाणी अठरा वर्षांचं उसनं पोरगं पाठवायचं म्हणजे एक तर ते घडतं किंवा कायमचं बुजतं. पहिले काही आठवडे केनला गोल सापडला नाही. मॅनेजर केनी जॅकेटनं तरीही त्याला संघातून काढलं नाही. मग वसंतात गोल यायला लागले आणि येत राहिले. 27 सामने, 9 गोल. मिलवॉल सोळावा आला, वाचला. क्लबनं हंगामातला उत्कृष्ट तरुण खेळाडू म्हणून केनला निवडलं. उसन्या पोराला हा मान मिळतो यावरून त्या गॅलरीनं त्याला आपलं मानलं होतं हे कळतं.

मेसनला तिथं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच सामने मिळाले.

इथपर्यंतचा आलेख सरळ वर जाणारा आहे. लीग वनमध्ये पाच, त्याच्या वरच्या विभागात नऊ. साहजिकच तिसरी पायरी प्रीमियर लीग. 2012-13 साठी नॉर्विच सिटी. आणि इथंच माझ्या वहीतल्या रकान्यानं मला फसवलं.

15 सप्टेंबर 2012, वेस्ट हॅमविरुद्ध पहिला सामना, केन बदली म्हणून आला. समोर फक्त गोलकीपर उरलेला असताना संधी मिळाली आणि ती गेली. 0-0. त्याच महिन्यात लीग कपमध्ये डॉनकास्टरविरुद्ध खेळताना पायाचं हाड मोडलं. डिसेंबरच्या अखेरीपर्यंत बाहेर. परत आला आणि 26 जानेवारीला एफए कपमध्ये ल्यूटन टाऊनविरुद्धच्या सामन्यात खेळला. ल्यूटन तेव्हा पाचव्या पातळीवर होता, म्हणजे त्या तिन्ही विभागांच्याही खाली. नॉर्विच आपल्याच मैदानावर 0-1 हरला. वरच्या विभागातल्या संघाला लीगबाहेरच्या संघानं हरवायची 1989 नंतरची ती पहिलीच वेळ. लोअर लीगवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाला त्या दिवशी आनंद झाला, मलाही झाला, आणि वहीत केनच्या नावापुढे मात्र शून्य.

नॉर्विचमध्ये एकूण 5 सामने, 0 गोल. आज बघितलं की कळतं, हा शून्य गोल न करता आल्याचा नव्हताच. तो मोडलेल्या हाडाचा शून्य होता. माझ्या वहीत दुखापतीला रकानाच नव्हता. सामने आणि गोल या दोन खान्यांत जे बसेल तेवढंच मी लिहीत होतो आणि तेवढ्यावरच निकाल देत होतो. किती मिनिटं खेळला, कुठल्या जागेवर खेळला, सुरुवातीपासून की शेवटची दहा मिनिटं, यातलं काहीही नाही. बदली म्हणून पाच मिनिटं आला तरी माझ्याकडे तो एक पूर्ण सामना.

फेब्रुवारीच्या पहिल्याच तारखेला टॉटेनहॅमनं त्याला परत बोलावलं. खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची जानेवारीची खिडकी बंद झाली होती, ब्राझीलचा लिआंद्रो दमियाओ हवा होता तो मिळाला नव्हता, आणि स्ट्रायकरची चणचण होती. मी हे असं वाचलं: "नॉर्विचला नकोसा झाला." सरळ अर्थ उलटा होता. ज्याला गरजेला परत बोलावतात त्याला अजून कुणी टाकलेलं नसतं. पण तीन आठवड्यांनी, 21 फेब्रुवारीला, त्याला लेस्टर सिटीकडे पाठवलं, आणि मला वाटलं माझंच बरोबर होतं.

लेस्टर तेव्हा चॅम्पियनशिपमध्ये वर चढायच्या शर्यतीत होता. डेव्हिड न्यूजंट आणि क्रिस वूड पुढच्या जागा धरून होते. वर्षभरापूर्वी फ्लीटवूडहून आणलेला जेमी वार्डी नावाचा एक गडीही होता, जो त्या हंगामात कुणाला फारसा पटला नव्हता. घरच्या मैदानावरच्या पहिल्याच सामन्यात, ब्लॅकबर्नविरुद्ध, केननं गोल केला, 3-0. त्यानंतर लेस्टरची गाडी घसरली. घसरणाऱ्या संघात मॅनेजर उसन्या पोरावर भरवसा टाकत नाही, ओळखीच्या माणसांकडे वळतो. केन बराचसा बाकावर. सगळे धरून 15 सामने, 2 गोल.

लेस्टरच्या हंगामाचा शेवट मात्र असा आहे की केनचा विषय नसता तरी मी तो सांगितला असता. शेवटच्या दिवशी, 4 मे ला, अँथनी नॉकार्टनं नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध 90 मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेत गोल करून लेस्टरला प्ले-ऑफमध्ये नेलं. आठ दिवसांनी, 12 मे ला, वॉटफर्डच्या मैदानावर उपांत्य फेरीचा दुसरा सामना. दोन्ही सामन्यांचे गोल मिळून 2-2. अगदी शेवटच्या क्षणी लेस्टरला पेनल्टी. मारायला तोच नॉकार्ट. गोलकीपर अल्मुनियानं ती अडवली, परत आलेला चेंडूही अडवला, वॉटफर्डनं चेंडू उचलून दुसऱ्या टोकाला नेला आणि ट्रॉय डीनीनं गोल केला. वीस-बावीस सेकंदांचा खेळ. लोक मैदानात घुसले. केन त्या फेरीतल्या दोन्ही सामन्यांत खेळला होता.

त्याच सामन्यात वॉटफर्डचे पहिले दोन गोल मात्यी विद्रा या झेक स्ट्रायकरनं केले, आणि तोही लोनवरच होता, इटलीच्या उदिनेसे क्लबाकडून. वॉटफर्ड आणि उदिनेसे दोन्ही एकाच पोझ्झो घराण्याचे. परदेशी क्लबाकडून आणलेले खेळाडू त्या वेळी पाचाच्या मर्यादेत धरत नसत, त्यामुळे वॉटफर्डनं उदिनेसे आणि त्याच घराण्याच्या स्पेनमधल्या ग्रनाडाकडून अख्खी पलटण आणली होती. शेजारणीकडून वाटी आणावी ती अशी, कोठारच उचलून आणलं. तेव्हा बाकीच्या क्लबांनी बोंब मारली ती योग्यच होती.

विद्राचे त्या हंगामात लीगमधले 20 गोल. केनचे लेस्टरमध्ये 2. दोन्ही ओळी शेजारी ठेवल्या, आणि मी रेघ मारली.

आता नीट हिशेब मांडतो. चार क्लब, 65 सामने, 16 गोल. पाच, नऊ, शून्य, दोन. नुसते गोल बघितले तर उतरती कळा. पण त्याच ओळीतले बाकीचे खाने वाचले असते तर? विसावं वर्ष पूर्ण व्हायच्या आत हा मुलगा तीन विभागांत मोठ्यांचं फुटबॉल खेळला होता, वर चढू पाहणाऱ्या संघात, घसरणीतून वाचणाऱ्या संघात, आणि एकदा हाड मोडून परतही आला होता. तिसऱ्या लोनपर्यंत प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा अवघड जागा. क्लबानं त्याला खालच्या पायरीवर पाठवलं ते फक्त एकदा, शेवटी, तेही दुखापतीनंतर. "वय" हा रकाना वहीत होता, मी त्याच्याकडे ढुंकून बघितलं नाही. विद्रा एकवीस, केन एकोणीस. प्रत्यक्षात सव्वा वर्षाचं अंतर, पण त्या वयात तेही बरंच झालं.

इथं थांबलो असतो तर गोष्ट छान झाली असती, पण खोटी झाली असती. कारण हेच सगळे खाने भरलेल्या इतर ओळीही त्याच वहीत आहेत. जोनाथन ओबिका येओव्हिल, मिलवॉल, पीटरबरा, चार्ल्टन असा फिरला, लोन घेऊन घेऊन थकला आणि 2014 मध्ये स्विंडनला कायमचा गेला. अँड्रॉस टाऊनसेंड तर नऊ क्लबांत जाऊन आला. येओव्हिल, ओरिएंट, मिल्टन कीन्स डॉन्स, इप्सविच, वॉटफर्ड, मिलवॉल, लीड्स, बर्मिंगहॅम, क्वीन्स पार्क रेंजर्स. तो इंग्लंडकडून खेळला, ऑक्टोबर 2013 मध्ये मॉन्टेनेग्रोविरुद्ध पहिल्याच सामन्यात गोलही केला, पण टॉटेनहॅममध्ये टिकला नाही. तेव्हा लोननं केन घडवला म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे: मग त्याच शाळेतले बाकीचे का नाही घडले?

माझ्या मते निर्णायक होता तो पाचवा लोन, जो झालाच नाही. 2013 च्या उन्हाळ्यात गॅरेथ बेलला विकून टॉटेनहॅमनं सात खेळाडू घेतले. त्यात रॉबर्टो सोल्दादो हा 26 दशलक्ष पौंडांचा स्ट्रायकर. अशा वेळी वीस वर्षांच्या पोराला परत बाहेर पाठवणं हाच रिवाज. केन राहिला. ऑक्टोबरच्या अखेरीस लीग कपमध्ये हल सिटीविरुद्ध जादा वेळेत बरोबरीचा गोल केला. डिसेंबरमध्ये मॅनेजर व्हिलास-बोआस गेले आणि टिम शेरवूड आले. शेरवूड म्हणजे क्लबातल्या तरुण पोरांचं काम बघणारा माणूस, या मुलांची नावं, वयं, कोण कुठल्या गावाला गेला होता ते त्याला पाठ. माझ्या वहीची त्याला गरज नव्हती, त्याच्या डोक्यातच ती होती. 7 एप्रिल 2014 ला सण्डरलंडविरुद्ध प्रीमियर लीगमध्ये केनला पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळवलं. 5-1, त्यात केनचा एक. पुढच्या दोन सामन्यांतही एकेक. पुढच्या हंगामात नवे मॅनेजर पोचेत्तिनो यांच्या हाताखाली 31 गोल.

म्हणजे लोननं त्याला तयार ठेवलं, पण दार उघडायला आतला माणूस लागला. मॅनेजर बदलला नसता तर काय, याचं उत्तर माझ्याकडे नाही. कदाचित आज मी खोडलेली ओळ दाखवून मित्रांना "बघा, आधीच सांगितलं होतं" म्हणत असतो.

जुलै 2022 पासून फिफानं लोनवर मर्यादा घातल्या. एका क्लबाला परदेशी लोनवर ठेवता येणाऱ्या खेळाडूंची संख्या आठवरून टप्प्याटप्प्यानं सहावर आली. चेल्सीनं एकेकाळी चाळीस-चाळीस पोरं बाहेर पाठवून ठेवली होती, त्याला हा लगाम. पण 21 वर्षांपर्यंतचे आणि क्लबानं स्वतः तयार केलेले खेळाडू यातून वगळलेत. म्हणजे साडेसतरा वर्षांच्या केनला आजही कुणी अडवलं नसतं.

शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नाही, ही आपल्याकडची रीत. मे 2020 मध्ये, मैदानं बंद असताना, लेटन ओरिएंटच्या पुढच्या हंगामाच्या शर्टांचं प्रायोजकत्व केननं स्वतः घेतलं आणि त्यावर स्वतःचं नाव घातलं नाही. घरच्या शर्टावर कोरोनाशी लढणाऱ्या कर्मचाऱ्यांचे आभार, बाकी दोन शर्टांवर मुलांच्या एका हॉस्पिसचं आणि मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेचं नाव. अठरा सामन्यांसाठी आलेलं पोरगं नऊ वर्षांनी वाटी भरून देऊन गेलं.

वहीत आता तीन रकाने वाढवलेत: मिनिटं, जागा, दुखापत. शेऱ्याचा रकाना अरुंद केलाय. केनची खोडलेली ओळ तशीच ठेवलीय, आणि तिच्या वरच्या पानावर 29 डिसेंबर 2011 च्या त्या दोन ओळी एकाखाली एक. दुसऱ्या ओळीतल्या रायन मेसनलाही टॉटेनहॅममध्ये आणि इंग्लंडच्या संघात जागा मिळाली, उशिरा. मग जानेवारी 2017 मध्ये हलकडून खेळताना चेल्सीविरुद्ध डोक्याला डोकं आपटून कवटी फुटली, आणि वर्षभरानं त्याला खेळ सोडावा लागला. 25 एप्रिल 2021 ला वेम्ब्लीवर लीग कपचा अंतिम सामना होता. टॉटेनहॅमचा हंगामी मॅनेजर मेसन, वय 29. त्यानं काढलेल्या अकरा जणांच्या यादीत पुढं केन, वय 27. मँचेस्टर सिटीनं 1-0 जिंकला.